भेटवस्तूंची सामाईक यादी असूनही एकच वस्तू दोनदा येते तेव्हा

समस्या अशी आहे. घरात बारसे, मुंज किंवा वास्तुशांत ठरते, कोणीतरी पुढाकार घेऊन भेटवस्तूंची सामाईक ऑनलाइन यादी करते, तिची लिंक कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते, सगळ्यांना कल्पना आवडते, आणि तरीही कार्याच्या दिवशी एकच वस्तू दोघातिघांकडून येते. जिची खरोखर निकड होती ती वस्तू मात्र कोणीच आणलेली नसते. एकदा असे झाले तर ते सोडून देता येते; आमच्याकडे ते लागोपाठ तीन कार्यांत झाले आणि तिन्ही वेळा यादी माझ्याकडेच होती. म्हणून तिसऱ्या वेळेनंतर मी प्रत्येक नोंद, प्रत्येक खरेदीची वेळ आणि ग्रुपवरचा प्रत्येक संदेश शेजारी ठेवून नेमके कुठे बिनसते हे तपासले. जे सापडले ते इथे लिहीत आहे, कारण मला वाटते की मोठा गोतावळा असलेल्या बहुतेक घरांत हीच कारणे निघतील.

तिसरे कार्य म्हणजे माझ्या भाचीच्या मुलीचे बारसे. यादीत सव्वीस वस्तू होत्या आणि पुणे, सांगली, नाशिक, बंगळूर व टोरांटो मिळून एकोणीस घरांकडे ती यादी होती. बारशाच्या दुपारी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बाळाच्या आंघोळीचे तीन गुलाबी टब एकात एक बसवून ठेवलेले होते. तिघांचा आकार तोच, पाणी सोडायचे निळे बूचही तेच, कारण तिघांनी यादीतल्या एकाच लिंकवरून तो मागवला होता. त्याच रात्री बाळाचे अंग जरा कोमट लागले तेव्हा लक्षात आले की यादीत चौथ्या क्रमांकावर असलेला थर्मामीटर कोणाकडूनच आलेला नाही, आणि भाचीचे यजमान साडेदहा वाजता उघडे औषधाचे दुकान शोधत बाहेर पडले. बाळाला काही झाले नव्हते. पण सांगलीच्या काकूंचा चेहरा मला विसरता येत नाही; त्यांनी मोठ्या हौसेने टब मागवला होता आणि तो उघडण्याआधीच शेजारी दोन तसलेच दिसले. यादी करायची ती कोणावर अशी वेळ येऊ नये म्हणून, आणि यादी असूनही ती आली होती.

आधी वेळा जुळवून पाहा

अशा वेळी पहिला प्रश्न सहसा "कोणी यादी पाहिली नाही?" असा विचारला जातो. तो विचारू नये. त्याने माणसे दुखावतात आणि उत्तरही चुकीचे मिळते, कारण आमच्या तिन्ही टबवाल्यांनी यादी पाहिलेली होती. त्याऐवजी प्रत्येकाकडून ऑर्डरची तारीख आणि वेळ मागून घ्यावी आणि ती यादीच्या इतिहासाशी ताडून पाहावी. यादी गूगल शीटमध्ये असेल तर संगणकावर 'फाइल' मेनूतल्या 'व्हर्जन हिस्टरी'त कोणत्या वेळी काय बदलले हे दिसते, आणि एखाद्या चौकटीवर उजवे क्लिक करून 'शो एडिट हिस्टरी' निवडले की त्या एका चौकटीत कोणी काय लिहिले आणि काय पुसले हेही उलगडते. मात्र 'लिंक असलेल्या कोणालाही संपादन करता येईल' अशी मोकळीक दिलेली असेल आणि माणूस आपल्या खात्याने आत गेलेला नसेल, तर इतिहासात त्याचे नाव येत नाही, केवळ अनामिक म्हणून नोंद राहते. त्यामुळे निदानाचा धागा तिथेच तुटतो.

आमच्या तीन टबांच्या वेळा जुळवल्या तेव्हा तीन वेगवेगळी कारणे निघाली, आणि थर्मामीटरचे चौथे.

पहिले कारण: एकाच वेळी दोन याद्या चालू असणे

काकूंचा टब या कारणाने आला. बाळाचा जन्म झाला त्या संध्याकाळी, शीट तयार होण्याआधीच, ग्रुपवर कोणीतरी दहा-बारा वस्तू एका संदेशात लिहून टाकल्या आणि खाली लिहिले, "ज्याला जे घ्यायचे असेल त्याने संदेश कॉपी करून वस्तूपुढे आपले नाव लिहावे आणि पुन्हा टाकावा." ही पद्धत आपल्याकडे सर्रास वापरली जाते, सहलीला कोण येणार, डब्यात कोण काय आणणार, सगळे असेच ठरते. पाच-सहा नावांपर्यंत ती चालते. त्यापुढे ती मोडते, आणि का मोडते हे नीट समजून घेण्यासारखे आहे. समजा, शेवटच्या संदेशात चार नावे आहेत. नाशिकच्या भावाने तो कॉपी केला आणि टबापुढे आपले नाव लिहायला घेतले; त्याच दोन मिनिटांत बंगळूरच्या वहिनीनेही तोच चार नावांचा संदेश कॉपी करून दुपट्यांपुढे आपले नाव लिहिले. आधी भावाचा संदेश पडला, मागून वहिनीचा. वहिनीच्या संदेशात भावाचे नाव नाही, कारण तिने कॉपी केले तेव्हा ते नव्हतेच. यानंतर येणारा प्रत्येक जण सर्वांत खालचा, म्हणजे वहिनीचा संदेश कॉपी करतो, आणि भावाचे नाव कायमचे गळते. कोणाचीही चूक नसताना टब पुन्हा रिकामा दिसू लागतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो, त्यामुळे मूळ संदेश सुधारण्याचा मार्गही लवकर बंद होतो.

दुसऱ्या दिवशी मी शीट केली, लिंक टाकली आणि समजले की आता सगळे तिथेच पाहतील. काकूंच्या नातवाने मात्र त्यांना ग्रुप वर सरकवून तो संदेश दाखवला, त्यात टब मोकळा होता, आणि त्याने संदेशातल्या लिंकवरून टब मागवून दिला. काकूंनी नंतर फोनवर सांगितले, "अगं, यादी बघूनच घेतला गं मी." त्या खरे सांगत होत्या, त्यांनी पाहिलेली यादी जुनी होती एवढेच.

यावर उपाय असा की शीट तयार झाल्यावर जुनी यादी सुरू करणाऱ्यालाच ती रद्द झाल्याचे ग्रुपवर लिहायला सांगावे, शक्य असेल तर ॲडमिनने ते संदेश सर्वांसाठी हटवावेत, आणि शीटची लिंक ग्रुपच्या माहितीत, म्हणजे डिस्क्रिप्शनमध्ये, ठेवावी. संदेश पिन करणे पुरत नाही. पिन केलेला संदेश २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस असाच ठेवता येतो. मुंजीची किंवा वास्तुशांतीची यादी दोन महिने चालते, आणि मध्येच पिन निघून गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

याच कारणाचा आणखी एक प्रकार आहे. कोणीतरी वडीलधाऱ्यांना वाचायला सोपे जावे म्हणून शीट डाउनलोड करून एक्सेलची फाइल ग्रुपवर टाकते, किंवा फक्त स्क्रीनशॉट पाठवते. त्या क्षणी दुसरी यादी जन्माला येते. डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये लिहिलेले नाव मूळ शीटमध्ये जात नाही, ही गोष्ट फोनवर फाइल उघडणाऱ्याला दिसतही नाही, कारण दोन्ही सारख्याच दिसतात. फोनमध्ये ऑफलाइन ठेवलेली प्रतही इंटरनेट जोडले जाईपर्यंत जुनीच माहिती दाखवते. स्क्रीनशॉट पाठवायचाच असेल तर त्यावर तारीख आणि वेळ लिहून पाठवावा आणि "हे फक्त पाहण्यासाठी आहे" असे खाली स्पष्ट लिहावे.

दुसरे कारण: एकाच स्तंभाची क्रमवारी लावली जाणे

हे कारण सापडायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. नाशिकच्या भावाने पुढे शीटमध्येही नाव लिहिले होते, आणि तरी बंगळूरच्या वहिनीला टब रिकामा दिसला. इतिहास मागे नेत गेले तेव्हा आढळले की पाचव्या दिवशी दुपारी कोणीतरी नावांचा स्तंभ निवडून त्याची अकारविल्हे क्रमवारी लावली होती, बहुधा आपले नाव पटकन सापडावे म्हणून. पूर्ण शीटची क्रमवारी लावली तर ओळी अखंड राहतात. पण फक्त एक स्तंभ निवडून 'सॉर्ट रेंज' केले तर त्या स्तंभातली नावे वरखाली होतात आणि शेजारच्या वस्तू जागीच राहतात. पाळण्यापुढचे नाव दुपट्यांपुढे गेले, टबापुढचे नाव मच्छरदाणीपुढे, आणि टबाची चौकट रिकामी झाली. कुठेही काही पुसलेले नव्हते, नावे सगळी होती, म्हणून वरवर पाहणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही. पुढच्या तीन दिवसांत ज्यांनी यादी उघडली, त्यांनी सगळे चुकीचे वाचले.

यादीत अचानक दोघेतिघे एकदम "मी हे घ्यायचे म्हटलेच नव्हते" म्हणू लागले, तर हेच कारण धरून चालावे आणि व्हर्जन हिस्टरीतून क्रमवारीच्या आधीची आवृत्ती परत आणावी. मात्र परत आणण्यापूर्वी त्यानंतरच्या खऱ्या नोंदी कागदावर उतरवून घ्याव्यात, नाहीतर त्याही जातात.

पुन्हा असे होऊ नये म्हणून 'डेटा' मेनूतल्या 'प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस'मधून वस्तूंचा स्तंभ बंद करावा, असा सल्ला बरेच जण देतात. मी तो अमलात आणून पाहिला आहे आणि तो अर्धवट आहे: वस्तू सुरक्षित राहतात, पण मोकळ्या ठेवलेल्या नावांच्या स्तंभाची क्रमवारी कोणीही लावू शकते, आणि बिघाड होतो तो तिथेच. शिवाय साधा फिल्टर लावला तरी तो सगळ्यांनाच लागतो. स्वतःपुरते गाळून पाहायचे असेल तर 'फिल्टर व्ह्यू' वापरावा लागतो, आणि हा फरक एकोणीस घरांना समजावून सांगत बसणे कठीण आहे. खरा उपाय निराळा आहे; तो पुढे सांगते.

तिसरे कारण: दोघांनी एकाच वेळी नोंद करणे

बाळाची यादी इतर याद्यांपेक्षा अवघड का असते, हे मला या बारशानंतर कळले. आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी खरेदी करत नाहीत. म्हणजे यादी जन्माच्या दिवशी उघडते. बारसे बाराव्या दिवशी असेल, तर वस्तू मागवून घरी पोहोचण्यासाठी दहा दिवसही उरत नाहीत, आणि सगळे जण पहिल्या दोनतीन संध्याकाळीच, जेवणे आटोपल्यावर नऊ ते अकराच्या दरम्यान, यादी उघडतात. वास्तुशांतीच्या यादीत दोन माणसे एकाच तासात आत येण्याची वेळ क्वचित येते. बारशाच्या यादीत ती रोजची असते. एकाच चौकटीत दोघांनी जवळजवळ एकाच क्षणी लिहिले तर मागून पोहोचलेले नाव राहते आणि आधीचे जाते. ज्याचे गेले तो तोपर्यंत फोन खाली ठेवून खरेदीच्या पानावर गेलेला असतो.

म्हणून क्रम ठरवून द्यावा: आधी नोंद, मग थोडे थांबून यादी पुन्हा उघडून आपले नाव तिथेच असल्याची खात्री, आणि त्यानंतरच पैसे. आमच्याकडे बहुतेकांचा क्रम उलटा होता. आधी वस्तू मागवायची, मग ती आली की सावकाश नाव लिहायचे. "न घेता नाव कसे लिहू?" हा त्यामागचा विचार प्रामाणिक आहे, पण यादीचे काम खरेदी होण्याआधी इतरांना थांबवणे हे आहे, हे एकदा सांगितले की पटते.

गूगल फॉर्म करून पाहावा असे सुचवले जाते. त्याने ही अडचण सुटत नाही, कारण एकाने निवडलेला पर्याय फॉर्ममधून आपोआप नाहीसा होत नाही. वेगळी जोडणी केल्याशिवाय दुसऱ्यालाही तो तसाच दिसतो. व्हॉट्सॲपच्या मतदानाचेही तसेच आहे, आणि त्यात बारापेक्षा जास्त पर्याय टाकता येत नाहीत. अॅमेझॉनसारख्या विक्रीच्या संकेतस्थळावर केलेली यादी या बाबतीत बरी, कारण त्या यादीतूनच घेतलेली वस्तू इतरांना 'घेतली' अशी दिसते; पण जी वस्तू तुळशीबागेतून किंवा गावातल्या दुकानातून घेतली, तिची खबर त्या यादीला लागत नाही, आणि बाळाची झबली, टोपडी, दुपटी आपण अजून तिथूनच घेतो.

चौथे कारण: नाव आहे, वस्तू नाही

थर्मामीटरपुढे पहिल्याच दिवशी टोरांटोच्या पुतण्याचे नाव होते. त्याला तिकडचा चांगला थर्मामीटर पाठवायचा होता. मग कोणीतरी त्याला सांगितले की परदेशातून टपालाने किंवा कुरिअरने भेट म्हणून वस्तू पाठवता येत नाही, आणि ते जवळपास बरोबर होते: डिसेंबर २०१९ पासून भारतात अशा मार्गाने भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंना बंदी आहे, जीवरक्षक औषधे आणि राखी वगळता; पूर्ण शुल्क भरूनच त्या आणता येतात. त्याने मग वडिलांना इथेच घ्यायला सांगायचे ठरवले आणि ते कामाच्या गडबडीत राहून गेले. नाव मात्र अकरा दिवस तिथेच होते. त्या काळात किमान चौघांनी थर्मामीटर घ्यायचा विचार केला आणि नाव पाहून सोडून दिला, हे मला नंतर कळले.

दुहेरी वस्तूपेक्षा हे वाईट, असे माझे मत आहे. जास्तीचा टब परत करता येतो. न आलेल्या वस्तूची जाणीव गरज पडेपर्यंत होत नाही.

याचे मूळ यादीच्या रचनेत आहे. 'घेणार आहे' आणि 'घेतले आहे' या दोन वेगळ्या गोष्टींसाठी आपण एकच खूण ठेवतो: नाव. म्हणून नावाच्या शेजारी स्थितीचा एक स्तंभ हवाच, आणि त्यात तीनच शब्द असावेत: 'ठरवले', 'मागवले', 'पोहोचले'. त्यापुढे तारीख. 'ठरवले' ही नोंद मुदतीची असते, हे यादीच्या माथ्यावरच लिहावे. बारशासाठी आम्ही आता ही मुदत दोन दिवसांची ठेवतो, वास्तुशांत किंवा लग्नासाठी दहा दिवसांची. तेवढ्यात 'मागवले' झाले नाही तर यादी सांभाळणारी व्यक्ती आधी फोन करते आणि मगच वस्तू मोकळी करते. फोन करायलाच हवा. न सांगता नाव काढले तर माणूस दुखावतो, आणि बहुतेक वेळा फोनवर इतकेच ऐकू येते की वस्तू कालच घेतली, लिहायचे राहिले.

खरा उपाय: लिहिणारे हात कमी करणे

ही चारही कारणे एका ठिकाणी येऊन मिळतात. लग्नाच्या मांडवात आहेराची वही असते. तिथे कोणीही येऊन स्वतःच्या हाताने नोंद करत नाही. घरातली एक विश्वासाची व्यक्ती वही घेऊन बसते, पाकिटावरचे नाव वाचते, रक्कम लिहिते आणि पुढच्याला बोलावते. शेकडो आहेरांत गोंधळ होत नाही तो त्यामुळे. ऑनलाइन यादी करताना आपण ही रीत सोडून दिली आणि एकोणीस घरांतल्या तीसपस्तीस माणसांच्या हाती एकदम लेखणी दिली. यादी सगळ्यांना दिसावी ही गरज खरी आहे. ती सगळ्यांना लिहिता यावी ही गरज नव्हती, आणि या दोन्हींची आपण गल्लत केली.

त्यामुळे आता आमच्याकडे शीटची लिंक सगळ्यांना फक्त पाहण्यासाठी, म्हणजे 'व्ह्यूअर' म्हणून असते, आणि लिहिण्याचा हक्क दोघांनाच असतो: एक मी, आणि मी कामात असेन तर माझा धाकटा भाऊ. वस्तूंना हाताने टंकलेले पक्के क्रमांक दिलेले असतात. ते सूत्राने आणू नयेत, कारण ओळीवरून काढलेला क्रमांक ओळ हलली की बदलतो. आणि वस्तू रद्द झाली तरी तिचा क्रमांक दुसरीला देऊ नये. ज्याला जे घ्यायचे असेल त्याने मला किंवा भावाला वैयक्तिक संदेश करायचा, "सात नंबर माझा." आम्ही नोंद करतो आणि "सात नंबरची नोंद झाली" असे उत्तर देतो. ते उत्तर येईपर्यंत पैसे भरायचे नाहीत. एकाच क्षणी दोघांचे संदेश आले तरी आधी कोणाचा आला हे वेळेवरून दिसते, आणि दुसऱ्याला लगेच दुसरी वस्तू सुचवता येते.

या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ वडीलधाऱ्यांना झाला. पूर्वी शीट उघडता येत नाही हे सांगायला त्यांना संकोच वाटे, आणि मग त्या संकोचापोटी ते न सांगता वस्तू घेऊन येत. आता सांगलीच्या काकू सरळ फोन करतात, "मला काय उरलंय ते वाचून दाखव," आणि मी उरलेल्या वस्तू वाचते. त्यांच्या नातवाच्या मुंजीआधी आम्ही दोघी असे वीस मिनिटे बोलत होतो, आणि त्यात वस्तूंपेक्षा इतरच गोष्टी जास्त झाल्या. यात माझा वेळ जातो हे खरे. बारशाच्या दहा दिवसांत रोज अर्धा तास धरावा. ज्याला तो देणे शक्य नसेल त्याने यादीची जबाबदारी घेऊ नये, इतके मी स्पष्ट सांगेन. पाचसहा घरांचेच कुटुंब असेल तर मात्र एवढी शिस्त लागत नाही. तिथे सगळ्यांना लिहू द्यावे, फक्त स्थितीचा स्तंभ ठेवावा.

यादीत काय लिहिले आहे यानेही फरक पडतो

'कपडे' असे लिहिले की नऊ जणांकडून नवजात मापाची झबली येतात आणि दोन महिन्यांत ती सगळी आखूड होतात. मापाप्रमाणे ओळी वेगळ्या कराव्यात: तीन महिने, सहा महिने, एक वर्ष. खेळण्यांपुढे आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे असे लिहावे. भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे, पण रस्त्यावरच्या खरेदीत ते पाहिले जात नाही.

नात्याने ठरलेल्या वस्तू यादीतून वगळू नयेत, ही चूक मी पहिल्या वेळी केली होती. चांदीचे वाळे आजोळकडून येणार, आत्या बाळाच्या कानात नाव सांगणार आणि तिच्याकडून बाळलेणे येणार, हे घरच्यांना माहीत असते म्हणून मी ते लिहिले नाही, आणि भाचीच्या मैत्रिणींनी मिळून वाळेच आणले. आता अशा वस्तू यादीत असतात आणि त्यापुढे पहिल्या दिवसापासून 'मागवले' लिहिलेले असते. किंमत आणि नाव लिहीत नाही.

बाबागाडीसारखी महागडी वस्तू वर्गणीतून घ्यायची असेल तर ती एकाच खरेदीदाराच्या नावावर असावी आणि पैसे त्याच्याकडेच जावेत, बाळाच्या आईवडिलांकडे नव्हे. यूपीआयने पाठवलेल्या रकमेची नोंद पाठवणाऱ्याच्या सांगण्यावरून करू नये. ज्याच्या खात्यात ती आली त्याने दुजोरा दिल्यावर करावी. ठरलेली रक्कम जमली की ती ओळ लगेच बंद करावी, नाहीतर पुढचे पैसे परत करण्याचे नाजूक काम मागे लागते.

ज्यांच्यासाठी यादी आहे त्यांना नावे कळू नयेत, असेही काहींना वाटते. बाळाच्या बाबतीत मला त्याची गरज वाटत नाही; आईला काय येणार आहे हे माहीत असले तर तिची तयारी सोपी होते. साठीशांतीसारख्या कार्यात मात्र ते योग्य आहे, आणि तिथे नावांचे पान त्याच फाइलमध्ये 'हाइड' करून ठेवणे पुरेसे नाही. संपादनाचा हक्क असलेल्याला ते उघडता येते, आणि केवळ पाहण्याचा हक्क असलेला माणूसही फाइलची स्वतःसाठी प्रत काढून त्यात ते पाहू शकतो. नावांसाठी संपूर्ण वेगळी फाइल करावी.

घरचा पत्ता, बाळाची जन्मतारीख आणि फोन नंबर शीटमध्ये लिहू नयेत. 'लिंक असलेला कोणीही' ही मुभा लिंक जिथे जिथे पुढे जाते तिथवर पोहोचते, आणि ग्रुपवरची लिंक कुठे कुठे पुढे गेली हे कोणाला सांगता येत नाही. पत्ता विचारणाऱ्याला वैयक्तिक संदेशाने द्यावा.

दुहेरी वस्तू तरीही आलीच तर

वस्तू परत करण्याची मुदत ती घरी पोहोचल्यापासून मोजली जाते, कार्याच्या दिवसापासून नव्हे. आमचे दोन टब चौथ्या आणि सहाव्या दिवशीच आले होते, पण भेट बारशालाच उघडायची म्हणून ते वेष्टनासकट कपाटावर राहिले, आणि उघडले तेव्हा चौथ्या दिवशी आलेल्या टबाची मुदत संपलेली होती. म्हणून पार्सल दारात आले की घरातल्या कोणीतरी बाहेरच्या चिठ्ठीवरून यादी सांभाळणाऱ्याला कळवावे आणि 'पोहोचले' अशी नोंद त्याच दिवशी व्हावी. दुसरे पार्सल त्याच वस्तूचे निघाले तर वेष्टन न फोडता परत करण्याइतका अवधी तेव्हा हातात असतो. परत करण्याआधी देणाऱ्याला विचारावे. आम्ही काकूंना विचारले, तेव्हा त्यांनीच सुचवले की शेजारच्या इमारतीत नुकतीच एक बाळंतीण आली आहे, तिला टब द्या, आणि त्या स्वतः तो घेऊन गेल्या.

कार्य झाल्यावर यादी बंद करताना लिंक मर्यादित करावी, आणि कोणाकडून काय आले ते घरच्या आहेराच्या वहीत उतरवून घ्यावे, कारण परतीच्या आहेराच्या वेळी तीच उघडली जाते. पुढच्या कार्यासाठी जुन्या शीटची प्रत काढून वापरू नये. जुनी नावे आणि 'पोहोचले'च्या नोंदी एखाद्या ओळीत राहून जातात, आणि ती वस्तू आलेली आहे असे समजून कोणी तिच्याकडे पाहत नाही. फक्त स्तंभांची शीर्षके नव्या शीटमध्ये टंकावीत आणि क्रमांक एकपासून पुन्हा सुरू करावेत.